घरातले दुखणे घरातच राहावे म्हणून

घरातील एखाद्या माणसाची झोप उडाली आहे, तो जेवणावरून अर्ध्यातून उठतो आणि नाशिकमध्ये अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाताना द्वारका चौकातच त्याच्या छातीत धडधडू लागते, असे आपल्या लक्षात आले, तर ते लक्षात आलेले नाही असे आपण आधी ठरवून टाकावे. धडधड फारच वाढली तर मात्र त्याला हृदयरोगतज्ज्ञाकडे न्यावे, कारण हृदय हा प्रतिष्ठित अवयव आहे आणि त्याच्या दुखण्याविषयी सोसायटीच्या लिफ्टमध्येही मोकळेपणाने बोलता येते. पॅनिक अटॅकमध्ये छाती आवळते, घाम फुटतो, श्वास पुरेनासा होतो, आता आपण मरणार असे वाटते आणि बहुधा दहाएक मिनिटांत कळस गाठून हे सारे ओसरू लागते. म्हणजे मुंबई नाक्याच्या कोंडीतून रुग्णालयात पोहोचेपर्यंत ईसीजी स्वच्छ येण्याची उत्तम सोय झालेली असते. पहिल्या वेळी हृदय तपासून घेणे योग्यच आहे; आपण ते चौथ्यांदाही तपासावे. त्यानंतर टूडी एको, थायरॉइड, बी-12 आणि हौस उरलीच असेल तर मेंदूचा एमआरआय करावा. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की ती जाड फाइल त्या माणसासमोर ठेवून ‘तुला काहीही झालेले नाही’ असे विजयी मुद्रेने सांगावे. एखाद्या डॉक्टरने ‘एकदा मनोविकारतज्ज्ञांना दाखवून घ्या’ असे सुचवलेच, तर डॉक्टर बदलावा.

यानंतर सल्ल्यांचा काळ सुरू होतो आणि त्यात सर्व नातेवाइकांना संधी द्यावी. ज्याला सकाळी उठून दात घासणेही जमत नाही, त्याला रोज पांडवलेणी चढायला सांगावे. ते दूर पडत असेल तर कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक आहेच. बाळंतपणानंतर महिना उलटूनही रडणाऱ्या सुनेला ‘आम्ही नाही का बाळंतपणे काढली’ असे विचारावे आणि तिचे उत्तर ऐकण्यासाठी थांबू नये. मुलगा अविवाहित असेल तर त्याचे लग्न लावून देणे हा सर्वांत स्वस्त उपचार होय, कारण त्यानंतर आजाराची जबाबदारी दुसऱ्या घरातून आलेल्या मुलीवर जाते आणि तो बरा झाला नाही तर दोषही तिलाच देता येतो. त्र्यंबकेश्वर तर हाकेच्या अंतरावर आहे. तेथील विधीसाठी आपण खुशाल रजा टाकावी, कारण सांगावे, शेजाऱ्यांना प्रसादही द्यावा. श्रद्धेने मनाला आधार मिळतो हे खरेच आहे. फक्त विधी आणि औषध दोन्ही एकाच वेळी चालू शकतात, ही गोष्ट घरात कोणाला कळू देऊ नये.

आकड्यांनी घाबरण्याचे कारण नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे 10.6 टक्के प्रौढ व्यक्तींना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, महानगरांत हे प्रमाण अधिक दिसले आणि निरनिराळ्या विकारांत 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नसल्याचेही नोंदले गेले. सुदैवाने हे सर्वेक्षण ज्या बारा राज्यांत झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता. तेव्हा हे सारे इतरांच्या घरचे आहे, असे आपण निर्धास्तपणे म्हणू शकतो.

सरकारने मात्र या कामी आपली बरीच अडचण करून ठेवली आहे. टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, विनाशुल्क आणि मराठीतूनही बोलता येते. म्हणून हा क्रमांक घरातील कोणाच्या मोबाइलमध्ये जतन झालेला नाही, याची खात्री करून घ्यावी. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर विमा कंपन्यांना मनाच्या आजारासाठीही शरीराच्या आजाराच्याच धर्तीवर संरक्षण देण्याचे बंधन घातले आहे. आपण पॉलिसीची ती पाने न वाचता कपाटात ठेवावीत आणि ‘हे विम्यात बसत नाही’ असे ठामपणे सांगत राहावे. कारखान्यात रजेच्या अर्जावर पोटदुखी लिहावी. मनाचे खरे कारण लिहिणाऱ्याला पुढच्या वेळी ओव्हरटाइम मिळेल की नाही ही भीती निराधार नसते, आणि सुपरवायझरनेही ती तशीच जपावी.

इतके करूनही डॉक्टरकडे जाणे अटळ झालेच, तर गोळ्यांकडे नीट लक्ष ठेवावे. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. त्यामुळे पाचव्या दिवशीच ‘काही फरक नाही’ असे जाहीर करून ती बंद करावीत. हा डाव फसून खरोखर बरे वाटू लागले तर ‘आता कशाला, सवय लागेल’ असे म्हणून डॉक्टरांना न विचारता बंद करावीत. पुन्हा त्रास झाला की औषधात काही अर्थ नव्हता हे आपोआप सिद्ध होते.

डॉक्टर निवडताना गुणवत्तेपेक्षा अंतर पाहावे. म्हसरूळला राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ असलेल्या या शहरात मनोविकारतज्ज्ञ नाहीत असे नाही, परंतु ओळखीची माणसेही याच शहरात राहतात आणि गंगापूर रोडवर दवाखान्याच्या पाटीखाली गाडी उभी दिसली की ती कोणाची हे संध्याकाळपर्यंत कळते. सबब पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठावी. तेथील प्रतीक्षागृहात समोरच्या खुर्चीवर आपल्याच सोसायटीचे सेक्रेटरी बसलेले आढळल्यास दोघांनीही ‘एका नातेवाइकासाठी आलो होतो’ असे सांगावे, त्या नातेवाइकाच्या प्रकृतीची एकमेकांकडे आपुलकीने चौकशी करावी आणि संध्याकाळी परतताना वेगवेगळ्या डब्यांत बसावे.