रिव्हर्स पडत नाही आणि शिव्या मला

क्लच पूर्ण दाबलाय, गाडी जागेवर उभी आहे, दुसरा पाय ब्रेकवर आहे, आणि तरीही रिव्हर्स पडत नाही. गिअरचा दांडा अर्ध्यात अडतो. जरा जोर लावला की खर्रर्र असा आवाज येतो आणि पलीकडच्या फूटपाथवरचा माणूससुद्धा वळून बघतो. एवढ्यात मागचा हॉर्नवर हात ठेवून बसलेला असतो, एक बाइकवाला माझ्या डिकीला घासून निघून जातो आणि कोणीतरी खिडकीशी वाकून सांगतो, "मॅडम, आधी नीट शिकून घ्या ना!"

काय शिकून घेऊ? मी वर्षानुवर्षं गाडी चालवतेय. भर पावसात ताम्हिणी घाट उतरलेय, लक्ष्मी रोडच्या गर्दीतून संध्याकाळी गाडी बाहेर काढलेय. तरी पेठेतल्या एखाद्या गल्लीत समोरून टेम्पो आला आणि मला मागे जायची वेळ आली, की तो एक गिअर माझी इज्जत काढतो. डोकं फिरतं ते त्या आवाजाने नाही. मशीनची खोट चालवणाऱ्याच्या माथी मारतात, त्याने फिरतं.

रिव्हर्स पडला नाही म्हणजे चालवणाऱ्याला येत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा गिअरबॉक्सच्या आत काय चालतं ते समजून घ्यावं. गाडी पुढे नेणाऱ्या गिअरांची चाकं कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा फक्त एक कॉलर, म्हणजे कडं, सरकते आणि ती चाकावर बसायच्या आधी सिंक्रोनायझरची रिंग दोन्हींचा वेग जुळवून घेते. म्हणून दुसरा, तिसरा लोण्यासारखा पडतो. रिव्हर्सला मात्र बऱ्याच गाड्यांत ही सोयच दिलेली नसते. तिथे एक मधलं चाक सरकत येऊन दोन चाकांच्या मध्ये बसतं. दातासमोर दात आला की ते आत जाणारच नाही, तुम्ही किती का जोर लावा. शिवाय क्लच दाबला तरी इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणारा आस, क्षणभर फिरतच राहतो. तेवढ्यात दांडा ओढला की दात दातावर घासतात, तोच तो खर्रर्र. या चाकांचे दातही सरळ कापलेले असतात, पुढच्या गिअरांसारखे तिरके नाहीत. म्हणून गाडी मागे जाताना कुंईं असा आवाज करत जाते.

सिंक्रोमेश, म्हणजे हीच वेग जुळवायची सोय, काही कालपरवा निघालेला नाही. अमेरिकेतल्या कॅडिलॅक कंपनीने तो १९२८ साली गाड्यांत आणला. शंभर वर्षं होत आली! रिव्हर्सलाही सिंक्रो असलेल्या गाड्या आज आहेत, म्हणजे करता येत नाही असं अजिबात नाही. पण कंपन्या डॅशबोर्डवर भलामोठा टचस्क्रीन लावतील, छताला काच लावतील, त्याची पानभर जाहिरात देतील आणि जो गिअर रोज घरातून निघताना आणि घरी परतताना लागतो, तिथे पैसे वाचवतील. शोरूममध्ये विचारून बघा, रिव्हर्सला सिंक्रो आहे का म्हणून. मी विचारलंय. त्या मुलाने मला मायलेज सांगितलं.

बरं, हा गिअर नेमका असतो कुठे, हे तरी एकदा सगळ्यांनी मिळून ठरवा. ऑल्टोमध्ये पाचव्याच्या खाली, उजवीकडे मागे. पोलोमध्ये दांडा खाली दाबायचा आणि डावीकडे पुढे, पहिल्याच्या शेजारी. सहा गिअरवाल्या डस्टरमध्ये मुठीखालची रिंग बोटांनी वर उचलायची आणि मग डावीकडे पुढे. पळत्या गाडीत चुकून रिव्हर्स पडू नये म्हणून काहीतरी अडसर हवा, हे मला मान्य आहे. पण क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर जगातल्या सगळ्या मॅन्युअल गाड्यांत एकाच क्रमाने असतात ना? मग रिव्हर्सचं का नाही ठरत? दादाची गाडी घ्या, सेल्फ ड्राइव्हची भाड्याची घ्या, दर वेळी दांड्यावरचं ते पुसट झालेलं चित्र वाचत बसायचं. तो पहिल्याच्या शेजारी असेल तर आणखी धोका. रिव्हर्स समजून क्लच सोडावा आणि गाडी पुढे, समोरच्या भिंतीकडे निघावी.

ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलणार. पूर्ण पैसे घेतात. रोज तोच सरळ रस्ता, तोच सिग्नल, तोच यू टर्न. सरांच्या पायाशी त्यांचा वेगळा क्लच आणि ब्रेक, त्यामुळे अर्धी गाडी तेच चालवतात. मी रिव्हर्सबद्दल विचारलं तर म्हणाले, "ते येतं हो आपोआप." आपोआप कसं येईल? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये १५ वा नियम वाचा. लायसन्सच्या परीक्षेत गाडी मागे घेता येणं, अरुंद जागेत ताबा ठेवून ती मागे वळवता येणं, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. कायद्याला जे यायला हवं असं वाटतं, ते शिकवायला पैसे घेणाऱ्याला वेळ नाही.

मला ते शिकवलं आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. माझी खरखर ऐकून खाली आले, खिडकीशी उभे राहिले. "अगं पोरी, ओढू नकोस त्याला. क्लच दाब, जरा थांब. नाही गेला तर आधी पहिला दाखव, मग मागे घे." पहिल्याचा सिंक्रो तो फिरणारा शाफ्ट थांबवतो आणि मग रिव्हर्स निमूट पडतो. तेही जमलं नाही तर न्यूट्रल करायचं, क्लच पूर्ण सोडायचा, पुन्हा दाबायचा आणि परत टाकायचा, म्हणजे दातांची जागा बदलते. बस, एवढंच! हे कंपनीने गाडीची किल्ली देताना का सांगू नये?

गॅरेजमध्ये गेलं की दुसरी तऱ्हा. हूड उघडायच्या आधीच निदान तयार, "क्लच प्लेट गेली, पूर्ण सेट टाकावा लागेल." आधी पेडल दाबल्यावर क्लच पूर्ण सुटतोय का ते बघा ना. केबल सैल झाली असेल, हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असेल तर त्यात हवा शिरली असेल, नाहीतर गाडीबरोबर गळ्यात मारलेलं ते जाड मॅट पेडलखाली गोळा होऊन बसलं असेल. माझ्या गाडीत केबल सैल होती. हजारो रुपयांचं काम सांगितलेलं, दुसऱ्या मेकॅनिकने ती समोर ताणून दिली.

आणि ही गोष्ट लोकांच्या ध्यानातच येत नाही. मागचा पांढरा दिवा गिअर पडल्यावरच लागतो. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले, चांगलं झालं, पण त्यांची टूंटूंसुद्धा गिअर पडल्यावरच सुरू होते. म्हणजे मी दांड्याशी झगडत असते तेव्हा मागच्याला नुसते लाल ब्रेकलाइट दिसतात. मला मागे यायचंय हे त्याला कळायला काही मार्गच नाही. तो अगदी चिकटून उभा राहतो, मधल्या फटीत दोन स्कूटर घुसतात, आणि शेवटी गिअर पडला तर मागे जायला जागा नाही. मग हॉर्न. तोही मलाच.

त्यात मी बाई. नवऱ्याच्या हातून त्याच गाडीत, त्याच गल्लीत तोच खर्रर्र होतो तेव्हा लोक म्हणतात, "गाडी जुनी झाली वाटतं." माझ्या हातून झाला की लगेच, "लेडीज आहे, सोड." बेसमेंटच्या उतारावर एकाने तर दार उघडून म्हटलं, "उतरा, मी काढून देतो." बसला, दांडा ओढला, तसाच खर्रर्र. दोनदा. तिसऱ्यांदा पडला आणि उतरताना मला म्हणाला, "गिअरबॉक्स दाखवून घ्या." माझ्या वेळी गिअरबॉक्स कुठे गेला होता?

ब्रेकलाइट लावून कोणी गल्लीत उभं असेल, दांडा हलताना दिसत असेल, तर एक गाडीभर अंतर सोडा आणि हॉर्नवरचा हात काढा. दोन सेकंद लागतात. आणि ज्यांना अगदीच मदत करायची हौस आहे त्यांनी खिडकीशी येऊ नये. मागे जाऊन उभं राहावं आणि त्या स्कूटर थांबवाव्यात.