स्लाइडवर गोलातला 'सी' नसला तरी हक्क तुमचाच

शिक्षकांच्या आणि प्रशिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा: पीपीटीच्या प्रत्येक स्लाइडवर गोलातला 'सी', वर्ष आणि 'सर्व हक्क सुरक्षित' टाका, नाहीतर तुमचा कॉपीराइट जातो. एकदा टाकलंत की अख्खी पीपीटी तुमची. नेटवरच्या चित्राखाली 'सौजन्य : गुगल' लिहिलं की झालं. आणि शिकवण्यासाठी वापरत असाल तर सगळंच माफ. संदेश पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण यातलं एकही विधान पूर्ण खरं नाही. त्यापायी कष्टानं पीपीटी करणारी माणसं स्वतःचा हक्क गेला असं समजून गप्प बसतात, आणि तीच माणसं नकळत दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव चढवतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

'सूचना नाही, तर हक्क नाही.' आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशी अट नाही. तुम्ही स्वतःच्या शब्दांत मजकूर लिहिला, स्वतः आकृती काढली आणि फाइल सेव्ह केली, तिथेच हक्क निर्माण झाला. तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. कॉपीराइटविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसारही हक्क मिळवण्यासाठी कुठलाच सोपस्कार लागत नाही, आणि भारत त्या कराराचा सदस्य आहे. (ध्वनिमुद्रणं आणि व्हिडिओ फिल्म यांच्यावर काही तपशील छापण्याचं बंधन कलम ५२अ मध्ये आहे, पण तो विषय वेगळा.) उलट, हक्क सोडायचा असेल तर कलम २१ प्रमाणे कॉपीराइट निबंधकांना कळवावं लागतं किंवा जाहीर सूचना द्यावी लागते. म्हणजे हक्क मिळवायला काही लिहावं लागत नाही. सोडायला मात्र लागतं.

मग ही समजूत आली कुठून? बहुधा अमेरिकेतून. तिथे १ मार्च १९८९ पर्यंत प्रकाशित प्रतीवर सूचना नसेल तर हक्क खरोखर जाऊ शकत असे. १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या चित्रपटाचं तेच झालं. वितरकानं नाव बदललं, नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची ओळ राहून गेली आणि चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. तो नियम त्यांनीही कधीच बदलला, पण आपल्याकडे तो आजही नव्यानं सांगितला जातो.

यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात: सूचनेचा उपयोगच नाही, लिहूच नका. हेही पटण्यासारखं नाही. प्रतीवर लेखक म्हणून तुमचं नाव असेल तर कलम ५५ नुसार, उलट सिद्ध होईपर्यंत, लेखक तुम्हीच धरले जाता. त्याच कलमात नक्कल करणाऱ्यासाठी एक पळवाट आहे. 'यावर कॉपीराइट आहे हे मला माहीत नव्हतं, तसं समजायला वाजवी कारणही नव्हतं' हे त्यानं सिद्ध केलं, तर तुम्हाला मनाईहुकूम आणि त्याचा सगळा किंवा काही नफा एवढंच मिळू शकतं, नुकसानभरपाई नाही. पहिल्याच स्लाइडवर नाव, वर्ष आणि अट ठळक असेल तर त्याला हे म्हणणं फार जड जाईल. तिसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५ब आलं. लेखकाचं नाव, मालकाचं नाव-पत्ता, वापराच्या अटी ही 'हक्क व्यवस्थापन माहिती', आणि ती जाणूनबुजून, अधिकार नसताना काढणं किंवा बदलणं हा २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकणारा गुन्हा आहे. तुमची पीपीटी उघडून तळाची ओळ पुसायची, आपल्या क्लासचा लोगो चिकटवायचा आणि पुढे पाठवायची, हा प्रकार सर्रास चालतो. ती ओळ पुसायला दहा सेकंद पुरतात हे खरं, पण मुळात ओळ होती म्हणूनच पुसणं गुन्हा ठरू शकतं.

'सूचना टाकली की सगळी पीपीटी माझी.' मला सर्वांत जास्त खटकतो तो हा मुद्दा. नववी-दहावीच्या विज्ञानाची कुठलीही पीपीटी उघडा. मुद्दे शिक्षकानं लिहिलेले, पानाच्या छेदाची आकृती बालभारतीच्या पुस्तकातून स्कॅन केलेली, झाडाचं छायाचित्र विकिमीडिया कॉमन्स या मोफत चित्रसंग्रहावरचं, आणि तिन्हींच्या खाली एकच ओळ: 'सर्व हक्क सुरक्षित', पुढे शिक्षकाचं नाव. बालभारतीच्या पुस्तकातच लिहिलेलं असतं की सर्व हक्क मंडळाकडे आहेत आणि संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही. कॉमन्सवरचं चित्र बऱ्याचदा अशा परवान्याखाली असतं की ते बदलून वापरलंत तर बदललेलं चित्रही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. त्यावर 'सर्व हक्क सुरक्षित' लिहिणं म्हणजे ती अटच मोडणं. ज्यानं चित्र काढून फुकट वापरायला दिलं, त्याच्यावर हा सरळसरळ अन्याय आहे.

'सौजन्य : गुगल.' गुगल चित्र शोधून देतं, काढत नाही. चित्र कुणाचं, कुठून घेतलं, कुठल्या परवान्याखाली, हे लिहायचं असतं. आणि ते लिहिलं म्हणून परवानगी मिळाली असंही होत नाही.

'शिकवण्यासाठी सगळं माफ.' कलम ५२ मध्ये शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला अध्यापनाच्या ओघात नक्कल करायची सवलत आहे, आणि ती लहानसहान नाही. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात (पुस्तकांतली पानं झेरॉक्स करून विद्यार्थ्यांना देण्यावरून प्रकाशकांनी केलेला दावा) दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये तिचा अर्थ बराच व्यापक लावला. त्यामुळे वर्गात पुस्तकातली आकृती दाखवणाऱ्या शिक्षकानं घाबरायचं कारण नाही. पण तीच पीपीटी पैसे घेऊन विकली, की या सवलतीचा आधार धरता येईल असं मला वाटत नाही.

नोंदणीबद्दलही विचारणा होते. ती ऐच्छिक आहे, पुरावा म्हणून उपयोगी आहे. स्वतःलाच रजिस्टर्ड पोस्टानं पाकीट पाठवायचा जुना सल्ला मात्र सोडून द्या. आपल्या कायद्यात त्याला नोंदणीची जागा नाही.

संदेशात एका गोष्टीचा उल्लेखच नाही: पीपीटी मुळात कुणाची? नोकरीत, नोकरीचा भाग म्हणून केली असेल तर कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर, पहिला मालक नोकरी देणारा. तिथे स्वतःच्या नावानं 'सर्व हक्क' लिहिण्याआधी नेमणुकीचं पत्र वाचा. स्वतंत्रपणे व्याख्यानं देणाऱ्यांचं वेगळं. आयोजकांनी कार्यक्रमानंतर पीपीटी मेलवर मागितली आणि तुम्ही पाठवली, म्हणून ती त्यांची होत नाही. हक्क हस्तांतरित करायला तुमच्या सहीचा लेखी करार लागतो.

सूचना लिहायची तर खरी आणि नेमकी लिहा. पहिल्या स्लाइडवर: 'मजकूर आणि आकृत्या, स्लाइड ६ व ९ सोडून', त्यापुढे तुमचं नाव आणि वर्ष. 'वर्गात नावासह वापरायला हरकत नाही. विक्रीसाठी किंवा बदल करून वापरण्यासाठी आधी विचारा', आणि संपर्क. उसन्या चित्राचा तपशील त्याच चित्राखाली. तळाची छोटी ओळ स्लाइड मास्टरमध्ये, म्हणजे सगळ्या स्लाइडच्या मूळ साच्यात, घातली की सगळीकडे आपोआप येते. उसन्या स्लाइडवरून तेवढी काढा. आणि वाटायची प्रत पीडीएफमध्ये द्या.