शीतकरणाइतकाच पोलादाचाही हिशेब हवा

अतिवाहक चुंबकात, म्हणजे अतिथंड केल्यावर विजेला रोध न करणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात, वीज साठवण्याविषयीच्या एका लेखात खर्चाचा सगळा भर द्रव हेलियमच्या शीतकरणावर दिला आहे, तो मला अपुरा वाटतो. हिंगण्याच्या एमआयडीसीत दाबपात्रे, म्हणजे आतला मोठा दाब पेलणारी भांडी, बनवण्यात उमेदीची वर्षे गेल्यामुळे माझे लक्ष आधी पोलादाकडे जाते. 5 टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्राचा वेटोळ्याला बाहेर ढकलणारा दाब सुमारे 100 वातावरणांइतका असतो, म्हणजे हे चुंबक एक दाबपात्रच आहे; आणि आकार कोणताही निवडला तरी साठवलेल्या ऊर्जेला धातूच्या अनुज्ञेय ताणाने, म्हणजे त्याला सुरक्षितपणे सोसवेल तेवढ्या ताणाने, भागून घनतेने गुणल्यावर जे वस्तुमान येते, त्याहून कमी आधार पुरत नाही. 300 मेगापास्कल ताण धरल्यास 1 मेगावॅट-तासासाठी, म्हणजे घरच्या मीटरच्या भाषेत 1000 युनिटांसाठी, किमान 95 टन पोलाद लागते. वेटोळे बांगडीसारखे वळवलेल्या कंकणाकृती रचनेत बाहेर पसरणारे क्षेत्र कमी, पण पोलाद सर्वसाधारणपणे दुप्पट.

लेखात न आलेली दुसरी गोष्ट आकुंचनाची. 4 केल्विनपर्यंत, म्हणजे उणे 269 अंश सेल्सिअसपर्यंत, थंड होताना पोलाद मीटरमागे सुमारे 3 मिलिमीटर आणि ॲल्युमिनियम 4 मिलिमीटर आखडते. म्हणून जवळपास पोलादाइतकेच आखडणाऱ्या तांब्याच्या आवरणातल्या वेटोळ्यावर ॲल्युमिनियमचा पट्टा चढवला, तर तो थंडीत आपोआप आवळला जातो. आमच्याकडे लोहार बैलगाडीच्या चाकावर तापवलेली धाव चढवून वर पाणी ओतत, तीच ही युक्ती. वेटोळे पेलणारे पाय मात्र काचतंतू आणि इपॉक्सीचे हवेत, नाहीतर नागपूरच्या मे महिन्यातली उष्णता त्यांच्यातूनच आत शिरेल.