मंडळाची सरासरी आणि फुकुशिमाचं तांदळाचं पोतं

परवा पारावर तुरीच्या भावावरून बोलणं विजेवर गेलं, विजेवरून चंद्रपूरच्या राखेवर आणि तिथून एकदम अणुभट्टीवर. आमच्या गावचा एक पोरगा नागपूरला शिकतो. तो म्हणाला, "कोळसा बंद करून अणुवीज आली पायजे आपल्याकडं. राख नाई, धूर नाई." शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "अन् फुटली म्हंजे?" पोरगा म्हणाला, "फुटली तं साफ करते सरकार. जपाननं नाई केलं का?"

त्या 'साफ करते'वर माझं मन अडकलं. सध्या आमच्याकडे कृषिपंपाची लाईन रात्री असते. मोटर लावून धुऱ्यावर बसून राहावंच लागतं. तशा दोन-तीन रात्री मी मोबाईलवर हेच वाचत होतो.

11 मार्च 2011 चं सगळ्यांना माहीत आहे. आधी भूकंप, मग त्सुनामी, फुकुशिमाच्या तीन भट्ट्यांमधलं इंधन वितळलं, दीडेक लाख माणसांना घरदार सोडावं लागलं. मला त्यापुढचं वाचायचं होतं, की वावरांचं काय झालं.

वावरांवर पडलं ते मुख्यतः सीझियम, भट्टीतून उडालेला किरणोत्सारी पदार्थ. त्यातल्या सीझियम-137 चा जोर निम्मा व्हायलाच 30 वर्षं लागतात. ते जाळून जात नाही, धुऊन नाहीसं होत नाही. चिकणमातीच्या पापुद्र्यांत शिरलं की तिथंच धरून बसतं. म्हणून जपाननं काय केलं, तर वरची साधारण पाच सेंटिमीटर माती खरवडून काढली. वाचताना पाच सेंटिमीटर म्हणजे किरकोळ वाटतं. मी हिशेब मांडला. एका एकराची पाच सेंटिमीटर माती म्हणजे दोनशे घनमीटर, आपल्या भाषेत सत्तरेक ब्रास. एका एकराच्या सत्तर ट्रॉल्या! आणि ही कोणती माती? शेणखत टाकून, गाळ टाकून, बापजाद्यांनी कमावलेली तीच वरची. तिच्या जागी त्यांनी डोंगरातली मुरमाड माती आणून पसरली. मुरमाड जमीन ज्यानं कसली आहे त्याला पुढचं सांगायला नको.

खरवडलेली माती काळ्या थैल्यांत भरली. एकेक थैली साधारण घनमीटरभर. फुकुशिमा जिल्ह्यातून अशी सुमारे 1 कोटी 40 लाख घनमीटर माती निघाली, म्हणजे पन्नास लाख ब्रासच्या आसपास. ती आता भट्टीच्या भोवती ओकुमा आणि फुताबा या दोन गावांच्या हद्दीत ठेवली आहे. 2045 पर्यंत ती जिल्ह्याबाहेर नेऊ असा कायदाच केला आहे, पण घेणार कोण? लोकांची भीती मोडावी म्हणून 2025 मध्ये त्यातली थोडी माती पंतप्रधान कार्यालयाच्या बागेत टाकून दाखवली. यालाच आपला पोरगा साफ करणं म्हणतो. माती या गावातून त्या गावात गेली, एवढंच. जंगल तर बहुतेक तसंच ठेवलं. घरांपासून वीसेक मीटरपर्यंतचा पालापाचोळा काढला, आत कोणी शिरलं नाही. मोहफूल आणि तेंदूपत्ता वेचणाऱ्या आपल्या बायांना हे सांगून पाहा.

मात्र एक गोष्ट मला पटली, आणि खरं तर पोस्ट तिच्यासाठीच लिहितो आहे.

रोपाला सीझियम हे पोटॅशसारखं भासतं. जमिनीत पोटॅश कमी असेल तर मुळं त्याच्या जागी सीझियम उचलतात. म्हणून भाताच्या बांध्यांत भरपूर पोटॅश टाकलं गेलं. पण ते कळायच्या आधी एक घोळ झाला. ऑक्टोबर 2011 मध्ये काही नमुने तपासून तिथल्या गव्हर्नरांनी जाहीर केलं, आमचा तांदूळ सुरक्षित आहे. पुढच्याच महिन्यात ओनामी भागातल्या तांदळात किलोला 630 बेकरेल निघाले. बेकरेल म्हणजे किरणोत्सर्ग मोजायचं माप. तेव्हाची मर्यादा होती 500. झालं! सगळ्या जिल्ह्याचा तांदूळ बदनाम.

मग 2012 पासून त्यांनी नमुने घेणं सोडलं आणि पोतं न् पोतं मोजायला घेतलं. 30 किलोचं प्रत्येक पोतं यंत्राखालून. वर्षाला एक कोटीवर पोती. मर्यादाही 100 वर आणली. पहिल्या वर्षी 71 पोती वर निघाली, पुढे आकडा घसरत गेला आणि 2015 च्या पिकात एकही निघालं नाही. गिऱ्हाईक परत आलं ते हळूहळूच, पण शेतकऱ्याच्या हातात दाखवायला काहीतरी होतं.

हे वाचलं आणि मला माझा पीकविमा आठवला. दोन वर्षांमागं नाल्याचं पाणी वावरात तीन दिवस तुंबलं, सोयाबीन जागच्या जागी काळं पडलं. विमा आला नाही, कारण महसूल मंडळाची, म्हणजे आसपासच्या गावांची मिळून, सरासरी चांगली होती. पर्जन्यमापक मंडळाच्या गावी, पीककापणी दुसऱ्याच कुणाच्या वावरात, आणि नुकसान माझ्या. सरासरीत मी बुडालोच नव्हतो.

किरणोत्सर्गाचंही तसंच झालं. भट्टीभोवती सरकारनं वर्तुळं आखली, आधी 3 किलोमीटर, मग 10, मग 20. वारा काही वर्तुळ पाहून वाहत नाही. वायव्येला साधारण चाळीस किलोमीटरवर ईताते नावाचं शेती-गुरांचं गाव आहे. किनाऱ्याकडचे लोक तिथं आसऱ्याला आले होते. पाऊस-बर्फासोबत तिथंच सीझियम उतरलं, आणि गाव खाली करायचा हुकूम निघाला 22 एप्रिलला. महिना उलटून गेल्यावर! तोवर लेकरं अंगणात खेळत होती.

आणि साफसफाईला माणसं कोणती लागतात? सोव्हिएत युनियनमधल्या चेर्नोबिलला 1986 मध्ये भट्टी फुटली, तेव्हा छतावर उडालेलं किरणोत्सारी ग्रॅफाईट उचलायला यंत्रं नेली, ती बंद पडली. मग फावडी देऊन सैनिक चढवले, एकेकाला मिनिट-दोन मिनिटं. आपल्याकडे 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून जास्त माणसं गेली. हातमोजा अन् मास्क एवढंसुद्धा पोचलं नव्हतं. उद्या इकडे माती खरवडायची वेळ आली तर पंप पाठीवर घेणाराच फावडं घेईल, रोजीनं.

मी अणुविजेच्या विरोधात आहे असं समजू नका. वणीकडं राहतो, दोरीवरच्या धोतरावरची कोळशाची धूळ झटकूनच घडी घालतो, त्यामुळं कोळशाचं कौतुक मला सांगू नका. पण उद्या भट्टीसाठी जमीन मागायला आले, तर जमिनीचा भाव विचारायच्या आधी किरणोत्सर्गाचं मोजमाप कुठं होणार, किती जागी होणार आणि आकडा गावाला त्याच दिवशी कळणार का, हे विचारायचं.

पोराला हे सगळं सांगितलं. तो हुशार आहे, म्हणाला, "काका, मोजायचं यंत्र मोबाईलएवढं येते. गावानं वर्गणी करून घेऊन ठेवू." म्हटलं ठेवू बाप्पा, पण आधी एक पर्जन्यमापक तं आणू गावात.