पाठिंबा द्यावा, फ्लॅट देऊ नये

आफ्रिकी लोकांच्या बाजूने उभं राहायचं ठरवलंत, अभिनंदन. आता अंतराची काळजी घ्या. ज्याला पाठिंबा द्यायचा तो माणूस निदान एका महासागरापलीकडे हवा. अमेरिकेतलं मिनियापोलिस उत्तम, जिथे पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडला गुडघ्याखाली दाबून मारलं. २ जून २०२० ला आपल्यातल्या कित्येकांनी इन्स्टाग्रामवर काळा चौकोन टाकला. खर्च शून्य, आणि त्या चौकोनाने नंतर कुणाकडे भाड्याने जागा मागितली नाही.

महासागर जमत नसेल तर शतकंही चालतात. मलिक अंबर घ्या. इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तीच पुढे औरंगाबाद झाली. त्याच्या नहरीचं कौतुक करा, गनिमी काव्याचं करा, भातवडीला शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले हे पोरांना आवर्जून सांगा. तो १६२६ मध्ये वारला, त्यामुळे पोलीस व्हेरिफिकेशनचा प्रश्न येत नाही.

पंचाईत होते ती जिवंत माणसाची. पुण्यात शिकायला आलेला एखादा मुलगा एजंटामार्फत तुमच्या कोंढव्यातल्या टू बीएचकेपर्यंत पोचतो. एजंट फोन करतो, "काका, पार्टी चांगली आहे, डिपॉझिट लगेच देतोय, फक्त..." आणि थांबतो. तुम्हीही थांबा. नाही म्हणायचं नाही, आपण काही वर्णद्वेषी नाही. म्हणायचं, "माझं काही नाही हो, सोसायटी ऐकत नाही." सेक्रेटरीने म्हणायचं, "माझं काही नाही, घरमालकच तयार नसतात." एजंटाने म्हणायचं, "दोघांचं जुळलं तर माझं काय जातंय?" तिघांचंही काहीच म्हणणं नसतं आणि तो मुलगा संध्याकाळी हडपसरला जागा बघत हिंडत असतो. शोधूनही दोषी सापडू नये अशी व्यवस्था लावायला अक्कल लागते.

जागा देणारच असाल तर दीडपट भाड्याने द्या. कारण विचारलं तर "रिस्क" म्हणा, कसली ते सांगू नका. परदेशी भाडेकरू आला की चोवीस तासांत सरकारला ऑनलाइन कळवायचं असतं, ज्याला सगळे सी-फॉर्म म्हणतात ते. हे काम घरमालकाचं. ते राहून जाऊ द्या. भाडंही रोखीत घ्या, करार नंतर बघू. पुढे व्हिसा वाढवायला गेल्यावर त्या पोराकडे राहत्या पत्त्याचा पुरावा नसेल आणि एक दिवस पेपरात बातमी येईल, बेकायदा राहणारे आफ्रिकी ताब्यात. तेव्हा चहाचा घोट घेत म्हणा, "कागदपत्रं म्हणून ठेवत नाहीत हे लोक." (शेजारच्या आजी त्यांच्या स्वयंपाकाच्या वासाची तक्रार घेऊन आल्या तर लिहून घ्या. आजींच्या गॅलरीत सुके बोंबील वाळत असतात, त्याचा इथे संबंध नाही.)

देश विचारण्यात वेळ घालवू नका. आफ्रिकेत ५४ देश आहेत, कुणी लक्षात ठेवायचे? सरसकट नायजेरियन म्हणा. या सोयीचा उपयोग बेंगळुरूच्या जमावाने जानेवारी २०१६ च्या अखेरीस करून दाखवला. सुदानच्या एका माणसाच्या गाडीखाली एक बाई गेली, आणि अर्ध्याएक तासाने तिथून जाणाऱ्या टांझानियाच्या विद्यार्थिनीला लोकांनी गाडीतून ओढून मारलं, तिचे कपडे फाडले, गाडी पेटवून दिली. खार्टूम ते दार-एस-सलाम हे अंतर मुंबई ते गुवाहाटीपेक्षा जास्त आहे, पण रागाच्या भरात नकाशा कोण उघडतो? हा वर्णद्वेष नव्हे, असा खुलासा सरकारातून लगेच आला. गोव्यात २०१३ मध्ये एका नायजेरियनाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला, तर खून राहिला बाजूला आणि लोक खोळंबलेल्या गाड्यांबद्दलच बोलू लागले. एका मंत्र्याने नायजेरियनांना कॅन्सरची उपमा दिली, मग माफी मागितली. क्रम ध्यानात ठेवा, आधी उपमा, मग माफी.

विनोदबुद्धी मात्र शाबूत हवी. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या अध्यक्षीय वादचर्चेत ऐकू आलं की ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये हैतीहून आलेले लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं खातात. आपण मीम पाठवून पाठवून हसलो. काय ते अडाणी गोरे! फक्त हसताना मार्च २०१७ चं ग्रेटर नोएडा आठवू नका. तिथल्या अफवेत मांजर नव्हतं, शेजारच्या नायजेरियनांनी मुलगाच खाल्ला असं होतं. मुलगा वारला होता, संशय अमली पदार्थांच्या अतिसेवनाचा होता, आणि पकडलेल्या पाच नायजेरियनांविरुद्ध पुरावा न मिळाल्याने त्यांना सोडावं लागलं. मग मेणबत्त्या घेऊन मोर्चा निघाला, आणि त्याच संध्याकाळी मॉलमध्ये सापडलेल्या नायजेरियन विद्यार्थ्याला खुर्च्या आणि कचऱ्याचे डबे घालून मारलं. आजूबाजूचे लोक व्हिडिओ काढत होते. मेणबत्त्यांचं काय झालं ते बातमीत आलं नाही.

त्याच्या महिनाभर आधी अमेरिकेत कॅन्ससमधल्या ओलेथा शहरात एका बारमध्ये, "माझ्या देशातून चालते व्हा" असं ओरडत एकाने भारतीय इंजिनिअरला गोळ्या घातल्या होत्या. आपण खवळलो, खवळायलाच हवं होतं. आमची मुलं तिथे शिकतात, राबतात, कर भरतात, त्यांच्या रंगावरून त्यांना मारता? हा मजकूर फोनमध्ये जपून ठेवा, पुन्हा लागेल. नोएडाच्या बातमीखाली मात्र चुकून पेस्ट होऊ देऊ नका. फारशी काटछाट न करता तो तिथे बसतो.

अमेरिकेतल्या पुतण्याला १९६५ बद्दल काही सांगू नका. त्याआधी भारतीयांसाठी तिथे स्थायिक व्हायचा कोटा वर्षाला १०० माणसांचा होता. काळ्यांच्या नागरी हक्कांच्या चळवळीने दशकभर लाठ्या, कुत्रे, पाण्याचे फवारे सोसले, तेव्हा त्या वाऱ्यात देशावार कोट्यांचा कायदाही गेला आणि दार उघडलं. पुतण्या म्हणतो, आपण मेरिटवर आलो. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मोदक हातात असताना कशाला विषय काढायचा?

राहता राहिला प्रत्यक्ष मदतीचा प्रसंग. समजा, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलाचा मोबाईल चोरीला गेला. चौकीत त्याची इंग्रजी कुणी ऐकून घेत नाही, उलट त्याच्याकडेच पासपोर्ट मागतात. तो तुमची बेल वाजवतो. अर्धा तास बरोबर याल का, दोन वाक्यं मराठीत बोलाल का, एवढंच मागतो. तुम्ही बरोबर गेलात तर हवालदार खुर्ची देईल आणि तक्रार लिहूनही घेईल, म्हणूनच जायचं नाही. एकदा गेलात की सवय लागते. "अवश्य, अवश्य," म्हणा, "आज नेमकी संकष्टी आहे, उद्या बघू." त्याच्या रूममेटचा नंबर मागून घ्या, म्हणजे त्याला बरं वाटेल. तो नंबर कुठल्या नावाने सेव्ह करायचा याचा घोळ नको, 'नायजेरियन २' लिहा. दोघंही मलावीचे आहेत, पण नायजेरियन १ तुमच्याकडे आधीच आहे.