हा गेम वाचतो!

"हा गेम वाचतो," भावोजींनी परवा चारचौघांत माझी ओळख करून दिली. चारचौघेही असे चुकचुकले की मीच क्षणभर तब्येतीची काळजी करू लागलो.

वास्तविक विचारलं त्यांनीच होतं, "काहीतरी वेगळा गेम सांग रे." असं कोणी विचारलं की माझ्या अंगात येतं. सॅम बार्लो यांचा १९९९ सालचा 'आईल' काढून दिला, नुसत्या शब्दांतला, वाचत खेळायचा गेम. सुपरमार्केटमध्ये एक माणूस न्योकी नावाच्या पास्त्यापुढे उभा आहे. आपण एकच आज्ञा टाइप करायची की गोष्ट संपते. पुन्हा सुरू करून दुसरी आज्ञा दिली की दुसरा शेवट. असं करत करत त्याचं आयुष्य तुकड्यातुकड्यांनी कळत जातं.

"किती जीबी?"

"जीबी नाही हो. एखाद्या फोटोपेक्षा लहान आहे."

भावोजींनी आधी अँटिव्हायरस चालवला. फुकट आहे म्हटल्यावर परत एकदा चालवला.

"ग्राफिक्स दिसत नाहीयेत."

"ग्राफिक्स नाहीतच."

"लोड होत असतील." आणि खरोखर हाताची घडी घालून ते काळ्या अक्षरांकडे बघत बसले!

शेवटी एका बोटाने त्यांनी पाकीट उचलायची आज्ञा दिली. चार ओळी आल्या, गोष्ट संपली.

"जिंकलो?"

"जिंकायचं नसतं. आता परत सुरू करा, दुसरं काहीतरी करून बघा."

"परत कशाला? पाकीट घ्यायचं होतं, घेतलं."

यावर काय बोलणार? विल क्राउदर या प्रोग्रामरांनी १९७६ च्या सुमारास आपल्या गेममध्ये नुसत्या शब्दांच्या जोरावर लोकांना गुहेत फिरवलं, तेव्हा 'ग्राफिक्स लोड होतायत का' असं कोणी विचारलं नसावं. बरं, भावोजी स्वतः रोज मोबाइलवर तीन-तीन रंगीत गोळ्या जुळवतात, आणि त्यांची 'लाइफ' संपली की मागणी मला येते. तो मात्र गेम. मी वाचतो.

एक चांगला छोटा गेम शोधायला काय लागतं, हे कोणाला सांगावं! स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात वर्षाला १०,०००हून जास्त नवे गेम येतात, आणि नजरेसमोर नाचतात ते सगळ्यांनी आधीच घेतलेले. इच डॉट आयओ या वेबसाइटवर कोणीही आपला गेम टाकू शकतं, त्यामुळे तिथे तासन्‌तास चाळावं लागतं. मी चाळतो, आवडीने चाळतो. पण सापडलेलं रत्न पुढे करावं तर उत्तर ठरलेलं, "फारच छोटा आहे रे."

छोटेपणाची शिक्षा तर बनवणाऱ्यालाच. 'अ शॉर्ट हाइक' (२०१९) घ्या. फोनला रेंज मिळावी म्हणून डोंगर चढणारी एक पक्षीण, बस. दीड-दोन तासांत शिखर गाठता येतं. आणि स्टीमचा नियम असा की १४ दिवसांत, २ तासांहून कमी खेळला असेल तर गेम परत करता येतो. म्हणजे अख्खा खेळायचा, डोळे पुसायचे आणि पैसे परत मागायचे. असं करणारे लोक आहेत! कोणीतरी जीव ओतून बनवलेली गोष्ट हो ती.

हे सगळं मी तळमळून भावोजींना सांगितलं. पहिल्यांदाच त्यांनी मोबाइल खाली ठेवून माझं ऐकलं. डोळ्यांत चमक आली.

"म्हणजे पूर्ण खेळून पैसे परत? अरे, हे आधी नाही का सांगायचं! अशा छोट्या गेमची यादी पाठव बघू."