पाळक आधी भावकीचा असतो

पापुआ न्यू गिनीच्या एंगा आणि हेला प्रांतांतल्या टोळीयुद्धांबद्दल लिहिताना आपल्याकडे सहज म्हटलं जातं, 'तिथे सुवार्ता नीट पोहोचली नसेल.' हे गणितच चुकीचं आहे. त्या देशात नव्वद टक्क्यांहून जास्त लोक ख्रिस्ती आहेत. समोरासमोर उभे ठाकणारे दोन्हीकडचे लोक बाप्तिस्मा घेतलेले असतात, कधी कधी तर एकाच पंथाचे. आणि पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू? तो आधी भावकीचा, मग मंडळीचा. लढाईत मेलेल्याची भरपाई द्यायची ठरली की त्यालाही आपल्या वाट्याची डुकरं द्यावी लागतात, आणि सूड घ्यायला निघालेल्यांना मारायला तोही चालतो.

म्हणून पाळक घडवायला चार हुशार तरुण उचलून शहरातल्या बायबल कॉलेजात तीन वर्षं बसवायचे, हा मार्ग मला अपुरा वाटतो. परततात तोवर सीमा बदललेल्या असतात आणि घरच्या वाटेवर शत्रूची जमीन लागते. त्यापेक्षा १९६० च्या दशकात ग्वाटेमालात सुरू झालेली एक्स्टेंशन पद्धत बरी: घरी अभ्यास, मंडळीत काम आणि पंधरा दिवसांनी आठ-दहा जणांची अर्ध्या दिवसाची बैठक.

पण तीही जशीच्या तशी चालत नाही. बैठकीची जागा तिसऱ्याच कुळाच्या हद्दीत हवी आणि तिथे यायला दोन्ही गटांना वेगवेगळ्या वाटा हव्यात. प्रशिक्षक एका बाजूच्या घरी मुक्कामाला राहिला किंवा त्यांनी कापलेलं डुक्कर जेवला, की संपलं. तो त्यांचाच धरला जातो. तारखा ठरवताना कॉफीची तोडणी बघायची. निवडणुकीचं वर्ष तर जरूर बघायचं, कारण २०२२ ची निवडणूक तिथे रक्तरंजित झाली होती. हजेरीपट भिंतीवर लावू नये. कोण कुठल्या दिवशी कुठल्या वाटेने येणार, हे त्यात आयतंच लिहिलेलं असतं. प्रत्येक धडा स्वतंत्र असावा, कारण लढाई पेटली की सत्र मध्येच तुटतं. घरं जळतात तेव्हा पुस्तकंही जळतात, म्हणून एक संच त्रयस्थ ठिकाणी ठेवायचा आणि तेच धडे टोक पिसिन या तिथल्या संपर्कभाषेत मेमरी कार्डवर, सौर प्लेअरसह द्यायचे. टोक पिसिन भाषेतलं संपूर्ण पवित्र शास्त्र १९८९ पासून उपलब्ध आहे, पण वाचून शिकणाऱ्यांपेक्षा ऐकून शिकणारेच जास्त.

आता अभ्यासक्रम. उपदेश कसा तयार करावा यावर महिने जातात, आणि हाउस क्राई, म्हणजे सुतकाचं घर, यावर एक तासही नाही! सूड घ्यायचा की नाही हे तिथेच ठरतं, पहिल्या काही दिवसांत, रडारडीच्या मध्ये. चिखल फासलेल्या बायका आक्रोश करताहेत, तरुण बाहेर कुजबुजताहेत. अशा वेळी पाळकाने शत्रूवर प्रेम करण्याचं वचन वाचलं तर लोक उठून जातील. त्याने आधी मृताच्या सर्वात जवळच्या वडीलधाऱ्यांशेजारी गप्प बसावं. आजाराने मृत्यू झाला असेल तर आरोग्य केंद्राकडून कारण लेखी मिळवावं आणि ते कुटुंबातल्याच माणसाच्या तोंडून सगळ्यांसमोर सांगवावं. नाहीतर रात्रीपर्यंत 'सांगुमा', म्हणजे करणी, हा शब्द निघतो आणि एखाद्या बाईवर बोट येतं. १९७१ चा चेटूक कायदा २०१३ मध्ये रद्द झाला, संशय मात्र गेला नाही. बोट रोखलेल्या बाईला त्याच रात्री दुसरीकडे हलवायची सोय आधीच लावून ठेवलेली असावी.

हत्यारांवर प्रार्थना करायला नकार कसा द्यायचा, याचाही सराव हवा. एकट्याने नकार दिला तर तो भावकीशी फितुरी ठरतो. सगळ्या पाळकांनी आधी मिळून ठरवलेला नियम असेल तर तो मंडळीचा नियम ठरतो.

शेवटी हिशेब. आधी 'बेलकोल', म्हणजे पोट थंड करायची, राग शमवायची पहिली रक्कम, मग मुख्य भरपाई. ज्याच्यामुळे लढाई सुरू झाली त्याला शत्रूलाच नव्हे, मदतीला आलेल्यांच्या मृतांबद्दलही द्यावं लागतं, आणि घोडं बहुधा तिथेच अडतं. किती डुकरं कबूल, किती पोहोचली, कुणासमोर, कुठल्या तारखेला, हे वहीत दोन्ही बाजूंच्या साक्षीदारांच्या अंगठ्याच्या ठशांसह यावं. एक प्रत ग्राम न्यायालयाच्या न्यायाधीशाकडे. राहिलेला हप्ता विसरतो तो देणारा. घेणाऱ्याच्या नातवालाही तो पाठ असतो.